केडगावची शिदोरी

हिंगणघाट तालुक्यातल्या त्या गावात बायका हापशीवर येतात त्या पहाटे, नाहीतर दिवेलागणीला. भर दुपारी तिकडे कुणी फिरकत नाही. वैशाखातलं वर्धा जिल्ह्याचं ऊन ज्यांनी सोसलंय त्यांना याचं कारण सांगायला नको. ती मात्र बाराच्या पुढेच यायची. डोक्यावरून पदर, दोन कळशा, नजर जमिनीवर.

सिस्टरबाई गावात नव्या होत्या. उभी हयात नागपुरात परिचारिका म्हणून गेली, निवृत्तीनंतर धाकट्या भावाच्या शेतावरच्या घरात राहायला आल्या. वय सत्तरीच्या पुढे, एका डोळ्यात मोतीबिंदू. एके दुपारी दवाखान्यातून परत येताना हापशीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "पोरी, घोटभर पाणी दे गं."

तिचा हात दांड्यावरच थांबला. "माहं पानी चालन तुमाले?"

"काहून नाही चालणार?"

"लोकं पांढऱ्या पायाची म्हंतेत मले. सकाळी आली तर बाया कळशी उचलून बाजूले होतेत."

सिस्टरबाई ओंजळीने पाणी प्यायल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मला वाचताना दिसत नाही नीट. तू शाळेत गेलीस का?"

"दहावी झाली."

"मग दुपारची येत जा. तासभर वाचून दाखव मला."

तिच्या नवऱ्याला जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. २०१७ चा हंगाम. पऱ्हाटी छातीला लागलेली, बोंडं लगडलेली, बघणाऱ्याने म्हणावं की यंदा घर वर येणार. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. त्या वर्षी विदर्भात शेतंच्या शेतं अशी आतून पोखरली गेली. वेचणीला मजूर येईनात, आलेला कापूस कवडी कापूस म्हणून व्यापारी हात लावेनात. गावातल्या एकाकडून घेतलेलं कर्ज डोक्यावर. डिसेंबरात एका सकाळी तो गोठ्यात गेला आणि फवारणीचं औषध प्यायला. सेवाग्रामच्या दवाखान्याच्या वाटेवरच सारं संपलं.

शेतकऱ्याने आत्महत्या केली तर कुटुंबाला सरकारचे १ लाख रुपये मिळतात. ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. २००६ पासूनची ही रीत. वर्धा हा पंतप्रधानांच्या त्याच वर्षीच्या मदत योजनेतल्या सहा जिल्ह्यांपैकी एक, त्यामुळे इथल्या माणसाला हे आकडे पाठ आहेत. पण कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. तिच्या नवऱ्याचं कर्ज बिनपरवान्याच्या माणसाचं, कागद कुठेच नाही. प्रकरण 'अपात्र' ठरलं. हा शब्द तिने मनावर असा घेतला, जणू तो तिच्याबद्दलच लिहिलेला होता.

याहून मोठी एक गोष्ट होती, जी तिने कुणालाच सांगितली नव्हती. त्या सकाळी मुलीच्या फीवरून ती त्याच्याशी भांडली होती. "बाप म्हनवता अन् पोरीची फी देता येत नाई," एवढंच म्हणाली होती. तो काही न बोलता उठला. गोठ्याकडे गेलेली त्याची पाठ तिला रोज दिसायची. गोठ्यात तिने त्यानंतर पाऊल टाकलं नव्हतं. गाय सासू बघायची.

हापशीवरच्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी ती आली. सिस्टरबाईंनी पुढे केलं योहानाचं शुभवर्तमान, चौथा अध्याय. तिने बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. प्रवासाने दमलेला येशू विहिरीच्या काठी बसलाय. दुपारची वेळ. एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते. तिचे पाच नवरे झालेले, गाव तिच्याबद्दल काय बोलत असेल ते सांगायला नकोच. यहुदी माणूस शोमरोन्याच्या हातचं पाणी पीत नसे, आणि हा तिच्याकडेच पाणी मागतो.

ती वाचता वाचता थांबली. "ही बी दुपारीच जाते?"

"हो."

"बायांच्या डोयापुढं नोको म्हनून?"

"पुस्तकात तसं लिहिलेलं नाही," सिस्टरबाई म्हणाल्या, "पण मलाही तसंच वाटत आलंय."

त्या बाईची सगळी हकीकत त्या परक्या माणसाला ठाऊक असते. तो ती लपवत नाही, तिच्या तोंडावर फेकूनही मारत नाही. तिच्याशी तो देवाबद्दल बोलतो, जसं शिकल्यासवरल्या माणसाशी बोलावं. आणि जिला लोकांची नजर नको होती, ती कळशी तिथेच टाकून गावात धावत जाते, लोकांना हाका मारते. माझ्या मते सगळ्या शुभवर्तमानात स्त्रीच्या मानाची याहून मोठी गोष्ट नाही. पंडिता रमाबाईंनाही याच गोष्टीने जिंकलं होतं, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. सिस्टरबाईंनी तिलाही ते सांगितलं.

"रमाबाई कोन?" तिने विचारलं. आणि पुढच्या कितीतरी दुपारी सिस्टरबाईंनी ती गोष्ट सांगितली, त्यांच्या आजीने त्यांना सांगितली होती तशी.

रमाबाई १८५८ सालच्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांच्या रोषाला पात्र झालेले. आईने रमाबाईंना शिकवलं. घर असं नव्हतंच, तीर्थामागून तीर्थ आणि पुराण सांगून मिळेल ते. मग दक्षिणेत दुष्काळ आला. होतं नव्हतं ते व्रतावैकल्यांत आणि दानधर्मात गेलेलं. अंगमेहनतीचं काम कुणाला ठाऊक नव्हतं आणि भीक मागायची लाज. एका टप्प्यावर म्हाताऱ्या वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. मुलगा म्हणाला, मी मजुरी करीन, पण तुम्ही असं करू नका. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १८७४ मध्ये, वडील गेले. पाठोपाठ आई.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा रमाबाई शेजारच्या दारात भाकर मागायला उभ्या राहिल्या आणि तोंडातून शब्द फुटेना. आई गेल्यावर खांदा द्यायला माणसं मिळेनात. कशीबशी दोन आली, तिसरा भाऊ, चौथ्या रमाबाई. उंची कमी, खांद्याला खांदा लागेना, म्हणून तिरडीचा आपला कोपरा त्यांनी डोक्यावर घेतला आणि स्मशानापर्यंत तसाच नेला.

"किती वर्साची व्हती?" तिने विचारलं.

"सोळा."

ती काहीच बोलली नाही. तिच्याही नवऱ्याच्या वेळी भाऊबंद लांबच उभे राहिले होते, कर्जाचं कुणी आपल्याला विचारेल म्हणून.

पुढे मोठी बहीण गेली. भावाबरोबर हजारो मैल पायी चालत रमाबाई १८७८ साली कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेऊन 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. दोन वर्षांत भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावींशी लग्न केलं, जात सोडून. मुलगी झाली, मनोरमा. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवराही गेला. चोविशीच्या आत आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा. सिस्टरबाई ही नावं एक एक बोट मिटत सांगायच्या, आजी सांगायची तशी.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. बरोबर छोटी मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची एक सोबतीण. वाँटेज गावातल्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात उतरल्या. आणि काही महिन्यांतच त्या आनंदीबाईंनी आपला जीव दिला.

वाचायला म्हणून आलेली ती, पुस्तक मिटून बसली. खूप वेळाने म्हणाली, "संगंच राहे ते?"

"संगंच."

"मंग रमाबाईनं काय केलं? तिले नाई वाटलं का, मी पाहाले पायजे व्हतं म्हनून?"

सिस्टरबाई प्रामाणिक बाई. त्या म्हणाल्या, "वाटलंच असेल. न वाटणारी माणसं वेगळी असतात. पण त्याच साली सप्टेंबरात तिने बाप्तिस्मा घेतला. त्या मठाच्या बाया लंडनमध्ये एक घर चालवायच्या, बाहेरख्याली म्हणून जगाने टाकलेल्या बायकांसाठी. तिथे त्यांना कुणी घालूनपाडून बोलत नव्हतं. रमाबाईने हे आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. तिने विचारलं, तुम्ही यांना जवळ का करता? तेव्हा त्या बहिणीने तिला ही विहिरीवरची गोष्ट वाचून दाखवली."

त्या दुपारी ती बोलली. फीचं, त्या वाक्याचं, त्या पाठीचं. सगळं एका दमात.

सिस्टरबाईंनी "तुझा काही दोष नाही" असं लगेच म्हटलं नाही. आयुष्यभर वॉर्डात काढल्यामुळे त्यांना ठाऊक होतं की अशा वेळी ते वाक्य माणसाच्या कानावरून नुसतं जातं. त्या म्हणाल्या, "तुझ्या एका शब्दाने माणूस मेला नाही, पोरी. अळीने, कर्जाने, लाजेने तो आधीच कडेला आणला होता. पण तो शब्द तुला खुपतोय ना? मग तो देवापुढे ठेवू. जे आहे ते आहे म्हणून ठेवू. माझा येशू माफ करतो, त्याला खोटं सांगावं लागत नाही." दोघी जमिनीवर बसल्या. प्रार्थना सिस्टरबाईंनी केली, साध्या शब्दांत, त्यात तिच्या नवऱ्याचं नाव घेऊन. मेल्यानंतर त्याचं नाव कुणी मायेने घेतल्याचं ती पहिल्यांदा ऐकत होती. घरात तर ते नाव घेणं बंदच झालं होतं.

तेवढ्याने सगळं निवळलं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. डिसेंबर आला, वेचणीचे दिवस आले, आणि रात्री पुन्हा उठून बसणं आलं. ती चिडून सिस्टरबाईंना म्हणाली, "तुमचा देव माफ करते म्हन्ता, मंग हे परत परत काहून येते?"

"रमाबाईंनाही एका दिवसात नाही मिळालं," सिस्टरबाई म्हणाल्या. बाप्तिस्म्यानंतर सात-आठ वर्षांनी रमाबाईंना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त अजून मिळायचा होता. हे त्यांनी पुढे स्वतः कबूल केलं. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणलं. पहिल्या विद्यार्थिनींतली गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झाली. १८९३ मध्ये धर्मांतराच्या संशयावरून वादळ उठलं. रानडे आणि भांडारकरांसारख्यांनीही सल्लागार म्हणून अंग काढून घेतलं, आईबापांनी मुली परत नेल्या. रमाबाई राहिल्या.

आणि मग १८९६ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतातला.

सिस्टरबाईंचा आवाज इथे नेहमी बदलायचा. या टोकाला त्यांचं स्वतःचं रक्त बांधलेलं होतं. मध्यप्रांतातून माणसं मरत असल्याच्या बातम्या पुण्यात येत होत्या. रमाबाई पैसे पाठवू शकल्या असत्या. दोन माणसं पाठवू शकल्या असत्या. भुकेची आग, भाकरीसाठी परक्या दारात उभं राहणं, ती तिरडी, हे सगळं ज्या बाईच्या अंगावरून गेलंय, तिने त्या गावांकडे पाहायचंही टाळलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं. त्या स्वतः गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या, खरजेने भरलेल्या, उवांनी डोकी सडलेल्या पोरी त्यांनी गोळा केल्या. सुमारे तीनशे. तेवढ्यात पुण्यात प्लेग. शहरात एवढ्या मुली ठेवता येईनात. तेव्हा दौंडजवळच्या केडगावला घेतलेल्या शेतावर पाल ठोकून त्यांना नेलं. तेच पुढे मुक्ती सदन झालं.

"माझी आजी त्या पोरींतली," सिस्टरबाई म्हणाल्या. "सहा-सात वर्षांची असेल. आईबापाचं नाव आठवत नव्हतं, गावाचंही नाही. मध्यप्रांत एवढंच तिला सांगितलेलं. वर्धा तेव्हा मध्यप्रांतातच. म्हणून मी या जिल्ह्यात कुठल्याही गावात गेले ना, की वाटतं, हेच असेल तिचं गाव."

केडगावला आजी वाचायला शिकली, मग छापखान्यात खिळे जुळवायला. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करत होत्या, खेड्यातल्या बाईलाही कळावं म्हणून. ते छापायचं काम मुक्तीतल्या मुलीच करायच्या. गायी, बाग, माग, तेलाची घाणी, सगळं मुलींच्या हाती. आंधळ्या मुलींसाठी वेगळी शाळा, ब्रेलची. १९२१ मध्ये मनोरमाही गेली, आईच्या आधी. रमाबाईंनी भाषांतर पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ ला डोळे मिटले.

"आजी म्हणायची, बाईंना आम्ही एकदाच विचारलं, तुम्हाला दुष्काळाची आठवण येत नाही का? त्यांनी आमच्यापैकी एकीच्या डोक्याला तेल लावत असताना 'येते' म्हटलं आणि तेल लावत राहिल्या." हे पुस्तकात कुठे नाही. आजीकडून नातीकडे आलेलं आहे, आणि आता नातीकडून हिच्याकडे. सिस्टरबाई त्याला केडगावची शिदोरी म्हणायच्या.

त्या संध्याकाळी ती गोठ्यात गेली. सासूच्या हातून दूध काढायचं भांडं घेतलं. सासू बघत राहिली.

बाप्तिस्मा तिने बऱ्याच उशिराने घेतला. सिस्टरबाईंनी कधी विषय काढला नाही. तिनेच काढला, तेव्हाही त्यांनी "आधी सासूला सांग, चोरून काही करू नको" म्हणून परत पाठवलं. घरात आठ दिवस बोलणं बंद. सासूचं देवघर, तुकडोजी महाराजांचा फोटो, ग्रामगीता, सगळं जागच्या जागी राहिलं. सून सकाळी ते झाडून पुसून ठेवायची आणि मग आपली प्रार्थना करायची. गावात कुजबुज झाली की पैसे मिळाले असतील. पैसे कुणी दिले नव्हते. तिने अंगणवाडीत मदतनिसाची नोकरी धरली होती आणि पोरीची फी स्वतः भरत होती. शेवटी सासूच एकदा हापशीवर बायकांना म्हणाली, "माही सून रात्री झोपते आता. मले तेवढं पुरे हाय." म्हातारीने पुत्र गमावला होता. तिच्या त्या वाक्याची किंमत मी कुठल्याही साक्षीपेक्षा कमी धरत नाही.

मग एका पावसाळ्यात शेजारच्या गावातून बातमी आली. सव्वीस वर्षांचा पोरगा, सोयाबीन पाण्याखाली, फवारणीचा डबा. मागे बायको आणि सहा महिन्यांचं लेकरू.

सिस्टरबाई तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. तिने त्यांना विचारलं नाही, फक्त सांगितलं, "जाऊन येतो." बाहेर पडली आणि गावाच्या वेशीपर्यंत जाऊन थांबली. पाय उचलेना. त्या घरात काय असेल ते तिला वेशीवरूनच दिसत होतं: गोठा, वास, लांब उभे राहिलेले भाऊबंद. परत फिरली असती तर कुणाला कळलंही नसतं. तिथेच एका बाभळीखाली उभी राहून तिने प्रार्थना केली. काय मागितलं ते तिने पुढे सिस्टरबाईंना सांगितलं: "म्हटलं, देवा, मले भेव लागते. तू मोहरं चाल."

त्या घरात आयाबाया ओट्यावर बसून होत्या. पोरगी आत, एकटी, भिंतीला टेकून. जवळ जायला कुणी तयार नव्हतं, आणि कुणीतरी ते शब्द उच्चारलेच होते, पांढऱ्या पायाचे. ती आत गेली आणि तिला लागून बसली. लेकरू मांडीवर घेतलं. बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. मग ती पोरगी भिंतीकडे बघतच पुटपुटली, "सकाळी मी त्याच्यावर वराडली व्हती."

"मी बी वराडली व्हती," ती म्हणाली.

पोरीने पहिल्यांदा मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "तुमचा बी...?"

"हो. २०१७ ले."

मग रडणं आलं, दोघींचं. ओट्यावरच्या बायकांपैकी एक उठून आत आली, पाठोपाठ दुसरी. चूल पेटली. लेकराला कुणीतरी दूध दिलं.

अंधार पडायच्या आत तिने पदर खोचला आणि पोरीच्या दिराला हाक मारली. "भाऊ, पंचनामा झाला का? नक्कल मागून घ्या. पोस्टमार्टमच्या कागदाची बी. अन् कर्ज कोनाचं व्हतं, सोसायटीचं का सावकाराचं? सावकाराचं असन तर परवाना हाय का त्याले, ते उद्या सकाळीच पाहू. मी येतो संगं."